पथ्याला संध्याकाळ नसते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे बहुतेक घरांत दिवस उजाडतो तो दुधाच्या चहानं, आणि ऑफिसचा डबा भरतो तो पोळीनं. गहू आणि दूध या दोन गोष्टी एकदम सोडाव्या लागल्या, तर पोटाचं काय होतं हे डॉक्टर सांगतात. मनाचं काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. पथ्याचा कागद हातात पडतो. त्यावर 'काय खावे' आणि 'काय खाऊ नये' असे दोन रकाने असतात. पहिले काही महिने विनाकारण रडू येईल, घरच्यांचा राग येईल, लग्नाची आमंत्रणं नकोशी वाटतील, हे सांगणारा तिसरा रकाना त्या कागदावर नसतो. आज मी त्या तिसऱ्या रकान्याविषयी बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारी आणि घर सांभाळणारी बाई आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत मला सिलिअक हा आजार असल्याचं निदान झालं. त्याआधी तीन वर्षं रक्त कमी, सारखं तोंड येणं, वजन घटणं आणि न संपणारा थकवा असं चाललं होतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर चढत नव्हतं. वय पन्नाशीला टेकलेलं, त्यामुळे 'पाळी जायचे दिवस आहेत, असं व्हायचंच' हे उत्तर सगळ्यांकडे तयार असे. एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक निराळी तपासणी करून घेतली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला, आणि आजाराला नाव मिळालं.

हा आजार थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, पोळी न फाटता लाटता येते, ती या ग्लुटेनची करामत. सिलिअक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनावर बिथरते आणि आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर मखमलीसारखे अतिशय बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम त्यांचं. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं द्रव्यही याच उंचवट्यांवर तयार होतं. म्हणून गव्हाबरोबर पुष्कळांना काही काळ दूधही सोसत नाही. मलाही दोन्ही सोडायला सांगितलं: दूध काही महिन्यांपुरतं, गहू जन्मभरासाठी.

गव्हाचा हा गुन्हा सिद्ध करण्याचं श्रेय विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जातं. १९३० च्या दशकापासून ते आजारी मुलांना गहू वगळून आहार देऊन पाहत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाची इतकी टंचाई झाली की लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पाव दुर्मीळ झाल्याच्या त्या काळानं डिके यांची शंका बळावली. युद्धानंतर त्यांनी सहकाऱ्यांसह पद्धतशीर प्रयोग केले आणि १९५० साली आपला प्रबंध सादर केला. या मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांना आणखी एक गोष्ट अनुभवानं ठाऊक आहे. सिलिअकचं मूल किरकिरं असतं, आणि गहू बंद केला की पुष्कळदा वजन वाढण्याच्या आधी त्याचा स्वभाव निवळतो. म्हणजे आतडं आणि मन यांचं काहीतरी साटंलोटं आहे, हे आयांना आणि डॉक्टरांना फार पूर्वीच दिसलं होतं.

मलाही हेच सांगण्यात आलं होतं: गहू सोडा, पंधरा दिवसांत हलकं वाटेल. माझं उलट झालं. पोट सुधारलं आणि मन बिघडलं. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं, कुणी हाक मारली तरी कपाळावर आठी यायची. मग उदासी आली. दुपारी भांडी घासताना डोळे भरून यायचे आणि कारण विचारलं तर सांगता येत नसे. शब्दही हाताशी येईनात. 'उंबरठा' हा साधा शब्द मला एकदा दोन दिवस आठवला नाही. शब्दांवर जगणाऱ्या बाईला याची किती भीती वाटली असेल, ते तुम्हीच समजा.

तेव्हा मी एक वही केली. तारीख, झोप, काय खाल्लं, कधी खाल्लं, मन कसं होतं, एवढंच रोज त्यात लिहायचं. दोन महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसले, आणि आम्ही एकेक धागा सोडवत गेलो. ज्याला मी एक दुःख समजत होते, ती चार-पाच वेगवेगळी दुःखं निघाली, आणि प्रत्येकाचं औषध निराळं होतं.

पहिला धागा चहाचा. दूध बंद झालं आणि कोरा चहा घशाखाली उतरेना, म्हणून चहाच सुटला. दिवसाला पाच कप पिणाऱ्या बाईचा चहा एका दिवसात बंद! चहातल्या कॅफीनची शरीराला सवय झालेली असते. ते अचानक तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, सुस्ती येते. पहिले दोन दिवस जास्त त्रास होतो आणि आठवडाभरात तो ओसरतो. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी ही अशी चहाची होती, आणि खापर फुटत होतं गव्हाच्या माथ्यावर. दूध सोडणाऱ्यांनी चहा हळूहळू कमी करावा किंवा आलं, गवती चहा घालून बिनदुधाचा प्यावा, एवढ्यानं हा धागा सुटतो.

दुसरा धागा निव्वळ भुकेचा. वहीत सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच या वेळा सतत काळ्या दिसत होत्या. पोळी गेली, रव्याचा उपमा गेला, बिस्किट गेलं, ब्रेड गेला, पण त्यांच्या जागी काही आलंच नाही. वजाबाकी झाली, बेरीज राहिली. उपाशी माणूस चिडतो, यात मानसशास्त्र कसलं आलंय? पोहे, तांदळाची उकड, नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी, अंडं, शेंगदाणे आणि गूळ, असं वेळेवर पोटात जाऊ लागलं तेव्हा त्या दोन वेळा शांत झाल्या. दुधाऐवजी कॅल्शियम कुठून येणार हेही पाहावं लागतं. नाचणी, तीळ आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हे त्याचे आपल्याकडचे साठे.

तिसरा धागा रक्तातला. आतडं झिजलेलं असतं तेव्हा लोह, फॉलिक अॅसिड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. यांतल्या काहींची कमतरता थेट मनावर दिसते: उदासी, विसराळूपणा, थकवा. सिलिअकबरोबर थायरॉईडचे विकारही अधिक आढळतात आणि तेही मन खाली ओढतात. माझं थायरॉईड ठीक निघालं, पण ब-१२, ड आणि लोहाचा साठा तिन्ही तळाला गेले होते. पथ्य सुरू केलं म्हणजे आतडं दुसऱ्या दिवशी भरून येत नाही. मोठ्या माणसांत त्याला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर गोळ्या-इंजेक्शनांनी भरती करावी लागते. पावसाळा सुरू झाला त्या सुमारास माझे शब्द परत येऊ लागले. 'उंबरठा'ही आला.

चौथा धागा नकळत पोटात गेलेल्या गव्हाचा. बरं चाललेलं असताना मध्येच दोन दिवस पोट फुगायचं, डोक्यात धुकं दाटायचं. वहीनं त्याचाही माग काढला. ज्वारी आमचीच, पण गिरणीत ती दळली जायची गव्हाच्या पाठोपाठ. बाजारातल्या डबीतला हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतोच. आणि खपली गहू जुना, देशी, पचायला हलका म्हणून लोक सुचवतात, पण खपलीतही ग्लुटेन आहेच. शेवटी मी घरघंटी घेतली, परात, तवा, पोळपाट-लाटणं वेगळं केलं. बाजारच्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असं लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे अगदी कणभर.

हे चार धागे सुटले आणि तरीही वहीत काही दिवस काळे उरलेच. झोप ठीक, जेवण ठीक, रक्त ठीक, आणि तरी मन खट्टू. ते दिवस कुठले, म्हणून पाहिलं. एका भाचीच्या साखरपुड्याचा दिवस. शेजारच्या घरातल्या वास्तुशांतीचा दिवस. बहीण राहायला आली तो दिवस. म्हणजे जिथे चार माणसं जेवायला एकत्र बसली, ते दिवस.

हा पाचवा धागा. तो रक्ताच्या अहवालात दिसत नाही.

रमजानचं उदाहरण देते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. मी लहानपणापासून रोजे धरत आले. भुकेची मला सवय आहे, तहानेचीही आहे. तरी रोज्यात मन कधी खचलं नाही. कारण रोज्यातली भूक सामाईक असते. आपण उपाशी, शेजारीण उपाशी, दुकानदार उपाशी. आणि मगरिबची अजान झाली की सगळ्यांच्या तोंडात एकदम खजूर पडतो, दिवस सुफळ होतो. एकादशीचंही तेच. उपास सगळ्या घराचा असतो आणि बारशीला पारणं होतं. पथ्याचं तसं नाही. पथ्यात आपण एकटे असतो, आजूबाजूला सगळे जेवत असतात, आणि पारणं कधीच होत नाही. रोज्याला संध्याकाळ असते, पथ्याला नसते.

त्या वर्षी ईद १६ जूनला आली. वजन फार उतरलेलं असल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी रोजे धरू दिले नव्हते. आजाऱ्याला तशी सवलत आहेच. म्हणजे महिनाभर घरातल्यांच्या उपवासातही मी नव्हते. आणि ईदच्या सकाळी काय असतं, तर शीरखुर्मा! दूध आणि गव्हाच्या शेवया, त्यात खारका, चारोळ्या, तुपात परतलेला सुकामेवा. नेमकी मला वर्ज्य असलेली दोन्ही द्रव्यं एका वाटीत. शीरखुर्मा मीच केला, वीस-पंचवीस माणसांना वाढला. सगळे 'काय झालाय!' म्हणत होते आणि त्याची चव मला ठाऊक नव्हती. नणंदबाई प्रेमानं म्हणाल्या, "भाभी, एका चमच्यानं काय होतंय? सणाला नाही म्हणू नये." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सणाच्या दिवशी वाटी नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे आपल्या सगळ्यांच्या हाडीमांसी खिळलेलं आहे. मी ती वाटी घेतली नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळी मला जे रडू आलं, त्यात ब-१२ चा काही संबंध नव्हता.

'मन खंबीर करा' असं अशा वेळी सांगतात. मला ते पटत नाही. खंबीर मनाचा माणूसही पंगतीत रिकामं ताट घेऊन बसला तर त्याला परकं वाटणारच. इथे औषध रोग्याच्या मनात शोधण्यापेक्षा घरातल्या पातेल्यात शोधायला हवं.

माझं माहेर तळकोकणात, सावंतवाडीच्या बाजूला. तिथे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे साच्यात घालून शिरवाळे पाडतात आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून त्या रसाबरोबर खातात. शेवयाच त्या, पण गव्हाच्या नव्हेत. दूधच ते, पण गाईम्हशीचं नव्हे. लहानपणी किती वेळा खाल्लेला हा पदार्थ! लग्न होऊन कऱ्हाडला आल्यावर तो ताटातून गेला होता. माहेरच्या भाभीनं लाकडी साचा एसटीच्या पार्सलनं पाठवला. आता हा साचा असा असतो की एकटीला तो दाबता येत नाही. एकीनं धरायचा, दुसरीनं वरून सगळा जोर लावायचा, आणि गोळा गरम आहे तोवरच. २०१९ च्या ईदला, जूनच्या ५ तारखेला, पहाटे उठून नणंदबाई आणि मी शिरवाळे पाडले. खारका त्यातही घातल्या, चारोळ्याही घातल्या. शीरखुर्मा झालाच, तो कुणी का सोडावा? पण दस्तरखानावर दोन्ही पातेली शेजारी शेजारी आली, आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेली वेगळी वाटी त्यात नव्हती. ज्यानं त्यानं दोन्हीतलं घेतलं. सासूबाईंनी शिरवाळे दुसऱ्यांदा मागून घेतले.

वेगळी वाटी आणि सामाईक पातेलं, यांत मनाच्या दृष्टीनं फार मोठं अंतर आहे. घरात कुणाला पथ्य लागलं की आपण त्याच्यासाठी वेगळं करतो, कष्टानं करतो, आणि त्याला वाटतं की आपण पाहुणे झालो. त्यापेक्षा आठवड्यातले चार पदार्थ असे निवडावेत की ते सगळ्यांनाच चालतील. पिठलं-भाकरी, वरण-भात, थालीपिठाच्या भाजणीत गव्हाऐवजी तांदूळ-ज्वारी, कोळंबीचं कालवण, घावन. आपल्या स्वयंपाकात गव्हाशिवायचं इतकं आहे की परदेशी डबे आणायची गरज पडत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. हल्ली गहू-दूध सोडण्याची लाट आलेली आहे. कुणी वजनासाठी सोडतं, कुणी त्वचेसाठी, कुणी मन प्रसन्न व्हावं म्हणून. अशांना दोन गोष्टी सांगते. सिलिअकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. गहू बंद केल्यावर रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि खरा आजार असूनही तपासणी तो नाही म्हणते. दुसरं, सिलिअक नसलेल्यांच्या बाबतीत गव्हाचा मनावर काय परिणाम होतो, याचं उत्तर अजून एकमुखी नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांना गहू सोसत नाही असं वाटत होतं अशा २२ जणांना काही दिवस, काय दिलंय हे न सांगता, ग्लुटेन दिलं, तेव्हा त्यांच्यात उदासीची लक्षणं वाढलेली आढळली. २०१८ साली नॉर्वेतल्या ५९ जणांच्या अभ्यासात मात्र पोटाच्या त्रासाचं कारण ग्लुटेनपेक्षा गव्हातली फ्रुक्टान नावाची पिष्टसदृश शर्करा असल्याचं दिसलं. ती फ्रुक्टानं कांद्या-लसणातही असतात! आणि गहू-दुधात अफूसारखं काही असतं, ते सोडलं की व्यसन सुटल्यासारखा त्रास होतो, असंही ऐकू येतं. गहू आणि दुधाच्या प्रथिनांपासून अफूसदृश तुकडे प्रयोगशाळेत मिळाले, हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण पोळी सोडल्यावरची चिडचिड त्यांच्यामुळेच होते, हे माणसांवर सिद्ध झालेलं नाही. त्याआधी आपला चहा आणि आपली भूक तपासून पाहावी, हे बरं.

आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच गोडी वाटेना, जगणं नको वाटू लागलं, तर 'पथ्यामुळे असेल' म्हणून थांबू नका. डॉक्टरांना सांगा. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

माझ्यापुरतं सांगायचं तर आठ-नऊ महिन्यांनी आधी दही, मग थोडं दूध सोसू लागलं. सकाळचा दुधाचा चहा परत आला. गहू परत येणार नाही. वर्षातून दोन-चार दिवस त्याचं वाईट वाटतं, विशेषतः कुणाच्या घरी पुरणपोळीवर तुपाची धार पडताना पाहिली की. ते वाईट वाटणं मी आता वहीत लिहीत नाही. ज्या वस्तूवर प्रेम केलं ती गेली, तर हळहळ वाटणारच. तिला आजार म्हणायचं कारण नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीत कुणीतरी पथ्यावर असेल. साखरेचं असेल, मिठाचं असेल, गव्हाचं असेल. त्याला 'एकदा खाल्लंस तर काय होतं' असं म्हणू नका, आणि 'अरेरे' असंही म्हणू नका. पुढच्या वेळी जेवायला बोलवाल तेव्हा त्याला चालेल असा एक पदार्थ सगळ्यांसाठी करा, आणि तो पंगतीत सगळ्यांना वाढा. बाकीचं औषध डॉक्टर देतीलच.